तुम्ही विचारलंत म्हणून : मूळ कारण कोणते?

सामाजिक विषमतेविषयी बोलून झाले की कोणीतरी मला हमखास विचारते, "वंश, वर्ग आणि लिंगभाव यांपैकी विषमतेचे मूळ कारण नेमके कोणते?" अशा वेळी मी अमेरिकेतील एक खटला सांगते.

जनरल मोटर्स कंपनीच्या कारखान्यात १९६४ पूर्वी कृष्णवर्णीय स्त्रियांना जवळजवळ घेतलेच जात नव्हते. पुढे मंदी आली, सेवाज्येष्ठतेनुसार, म्हणजे शेवटी आलेल्यांना आधी काढत, कामगार कपात झाली आणि १९७० नंतर लागलेल्या सगळ्या कृष्णवर्णीय स्त्रियांची नोकरी गेली. त्यांच्यापैकी पाच जणी न्यायालयात गेल्या. कंपनीत पूर्वीपासून स्त्रिया आहेत, म्हणून लिंगभेद झालेला नाही, असे १९७६ मध्ये न्यायालयाने ठरवले. त्या स्त्रिया गोऱ्या होत्या, हे त्या निष्कर्षाच्या आड आले नाही. वंशभेदाची तक्रार त्यांनी त्याच कंपनीविरुद्धच्या दुसऱ्या खटल्यात मिसळावी, असे सुचवण्यात आले. दोन्ही कारणे एकत्र मांडू दिली, तर नवनव्या गटांना अंत राहणार नाही, अशी न्यायालयाला धास्ती होती. ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. पण या पाच जणींची नोकरी एकच होती आणि ती एकदाच गेली होती.

अमेरिकी कायदेतज्ज्ञ किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये याच खटल्याच्या आधारे चौरस्त्याची उपमा दिली: चौकात अपघात झाला तर वाहन एका दिशेने आलेले असू शकते, किंवा अनेक दिशांनी. भेदभावाचेही तसेच. (भेदभावाची कारणे अशी एकमेकांना छेदतात, याला मराठीत 'आंतरछेदिता' म्हणतात, शब्द उच्चारताना माझीही जीभ अडखळते.)

मला मात्र या खटल्यातली सेवाज्येष्ठता अधिक अस्वस्थ करते. व्यवस्थापनाच्या लहरीपासून कामगाराचे रक्षण करणारा तो नियम, म्हणजे वर्गलढ्याचीच कमाई. पण ज्यांना दारातून आत येऊ दिले तेच उशिरा, त्यांच्यावर तोच उलटला, आणि त्यासाठी कोणाच्याही मनात द्वेष असण्याची गरज नव्हती.

१९३५ च्या अमेरिकी सामाजिक सुरक्षा कायद्याने वार्धक्य विम्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले, तेव्हाही या तरतुदीत वंशाचा किंवा स्त्रीत्वाचा उल्लेख नव्हता. दक्षिणेतील कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी बहुसंख्य कमावत्या मात्र याच दोन कामांत होत्या. त्यांच्यातल्या एखाद्या मोलकरणीला निवृत्तिवेतन नाकारले गेले, ते ती गरीब म्हणून, बाई म्हणून की काळी म्हणून, हे मला तरी वेगळे काढून दाखवता येत नाही.