ड्रॉवर

आमच्या अ‍ॅम्ब्युलन्सला आलेला तो कॉल पाण्यात बुडालेल्या मुलाचा होता. सात-आठ वर्षांचं पोर. आम्ही पोचलो तेव्हा त्याला काठावर निजवलं होतं. श्वास नाही, नाडी नाही. बुडण्यात हृदय बंद पडतं ते ऑक्सिजन संपल्यामुळे, म्हणून आधी श्वास द्यायचे, मग छातीवर दाब. आम्ही दोघे होतो, म्हणजे १५ दाब, २ श्वास, मिनिटाला १०० ते १२० च्या लयीत. मी मोठ्याने आकडे मोजत होतो. मागे त्याची आई काय म्हणत होती ते आजही आठवत नाही. आठवते ती त्याच्या गुडघ्यावरची खपली. कडेने सुटायला आलेली, खाली नवी गुलाबी कातडी.

हॉस्पिटलमध्ये त्यांनी बराच वेळ प्रयत्न केले. नाही वाचला.

मी फॉर्म भरला. अक्षर नेहमीपेक्षा सुबक आलं. किट भरून पुढचा कॉल घेतला, मुरगळलेल्या पायाचा. हात जराही थरथरले नाहीत, आणि खरं सांगतो, मला त्याचा अभिमानच वाटत होता.

ड्युटी संपताना जोडीदाराकडून गाडीतला ड्रॉवर अर्धवट उघडा राहिला. एवढंच. मी असा ओरडलो की शेजारच्या गाडीतले लोक खाली उतरले. तो माझ्याहून बराच लहान. हळूच म्हणाला, "दादा, ड्रॉवर आहे तो." आणि लावून टाकला.

पुढे हे वाढतच गेलं. घरी भांडं पडलं तरी अंगावर जायचो, आणि जिथं रडू यायला हवं तिथं ठणठणीत कोरडा. वरिष्ठांनी एकदा सगळ्यांना गोल बसवून "मोकळे व्हा" सांगितलं. असल्या एकाच बैठकीने पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मनाला जडणारा आजार, टळत नाही, हे अभ्यासांत दिसून आलंय. पण रजिस्टरमध्ये सह्या तर झाल्या.

शेवटी समुपदेशक बाईंकडे गेलो. मला वाटायचं, आघात म्हणजे स्वतःच्या जिवावर बेतलेलं. त्या म्हणाल्या, कामाचा भाग म्हणून असं काही वारंवार समोर येणं, हेही २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात, आघात म्हणून धरलंय. आणि चेहरा आवरला म्हणून आतली धडधड आवरत नाही.

"त्या दिवशी काय वाटलं?"

मी सांगितलं, आधी श्वास, मग १५ ला २.

"हे तुम्ही केलंत. वाटलं काय?"

बराच वेळ गप्प होतो. मग म्हटलं, "खपली निघायला आली होती त्याची."