रिकामा डबा

शेजारच्या काकूंनी अळूवड्या पाठवल्या तर आमच्या घरी त्यांना थँक्यू कुणी म्हणत नाही. आई डबा घासून ओट्यावर पालथा घालते आणि आता ह्यात काय घालून पाठवायचं, ह्याचा खल सुरू होतो. झाकणावर काकांचं नाव कोरलेलं, त्यामुळे डबा विसरायची सोय नाही. घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर, पण रिकामा डबा परत जात नाही. आमचे लाडू पोचले की पंचाईत काकूंची! हा हिशेब वर्षानुवर्षं मिटलेला नाही आणि तो कुणाला मिटवायचाही नाही. आभार मानले की फिटंफाट झाली, आणि तीच तर नको असते.

आभार आपण मांडवात मानतो. अध्यक्षांपासून माइकवाल्यापर्यंत सगळ्यांचे, तेही निम्मे श्रोते चपला शोधत असताना. घरात कुणी मानले तर “आम्ही काय परके?” हे ठरलेलं.

ह्यात आपणच जगावेगळे आहोत असंही नाही. २०१८ साली रॉयल सोसायटीच्या एका नियतकालिकात आठ भाषांचा अभ्यास आला होता. घरात, शेजारीपाजारी कुणी काही मागितलं आणि ते मिळालं, की माणसं काय बोलतात हे त्यात रेकॉर्डिंगवरून तपासलं होतं. साधारण वीस वेळांत एकदा आभार! इंग्रजी आणि इटालियन बोलणारे सगळ्यांत पुढे, पण तेही शंभरात पंधराच्या आतच. इक्वाडोरमधल्या चापला भाषेत तर एकदाही नाही.

तरी आपल्या ह्या मुकेपणाचं मला फार कौतुक नाही. आमटी जमली हे आईला कळतं ते पातेलं रिकामं झाल्यावर. मीठ कमी पडलं तर मात्र पहिल्याच घासाला. “बरी झालीय” ही बाबांची सर्वोच्च पदवी.

मावशीचा नातू न्यू जर्सीत वाढलेला. सुट्टीत आला की पाण्याच्या भांड्यालाही “थँक्यू, आजी.” सुरुवातीला मावशी दुखावलीच. “मी काय हॉटेलातली आहे?” त्या पोराला काही कळेना, तिकडे हेच बोलायला विसरलं तर आई डोळे वटारते. मग एके दिवशी तो मोबाइलमध्ये डोकं घालून जेवला आणि तसाच उठला. मावशीनं मला ओट्यापाशी गाठलं. “आज काही बोलला नाही गं. भरलं वांगं तिखट झालं होतं का?”