कुलरचा आवाज

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चार दिवस सटाण्याला माहेरी जाऊन आले. तिकडे रात्री गच्चीवर छान वारं असतं, पहाटे पहाटे गोधडी ओढावी लागते, आणि मी चारही रात्री अशी झोपले की आईने विचारलं, बरं नाही का गं तुला? तेव्हा लक्षात आलं की गेले तीन उन्हाळे मी जळगावात धड झोपलेलीच नाही.

उकाड्यामुळे नाही, कुलरमुळे. इथे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, कुलर लागतोच, त्यात वाद नाही. पण आमचा तो खिडकीतला लोखंडी कुलर फुल स्पीडला लावला की पत्रा थरथरतो, आत पाणी टपटपत राहतं आणि ओला झोत थेट माझ्या कानावर. ह्यांना त्या आवाजाशिवाय झोप येत नाही, लहानपणापासून भुसावळला तसंच झोपलेत. मी दोन-तीन वाजता उठून स्पीड कमी करायची, ते अर्धवट झोपेत उठून परत वाढवायचे, सकाळी दोघंही चिडलेले आणि भांडण काय तर चहात साखर जास्त झाली.

काल रात्री लाईट गेली, दोघं गच्चीवर जाऊन बसलो आणि अंधारात मी सगळं सांगून टाकलं. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मंग माले सांगं काबर नही?" फार लागलं की ते अहिराणीतच बोलतात. मला तीन वर्षं वाटत होतं मी समजून घेतेय, त्यांना वाटलं मी परकं धरलं. खरंय त्यांचं.

लग्न जमलं तेव्हा ३६ पैकी २८ गुण जुळले म्हणून घरात केवढा आनंद, १८ वर सुद्धा लोक होकार देतात ना. पण झोप कशी लागते, लाईट लागतो का, पंखा किती वर, हे आम्ही एकमेकांना विचारलंच नाही. आणि रोजचं जगणं तर ह्यातच असतं, निदान आमचं तरी.

आज दुपारी ह्यांनी एकट्यानेच पलंग ओढून आडवा केला, झोत आता त्यांच्या बाजूला. कुलरच्या पत्र्याखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे खोचलेत. नळ उद्या येणार, तरी मी संध्याकाळी दोन बादल्या कुलरसाठी बाजूला काढून ठेवल्या.