रिकामी दिसणारी कुंडी

कळलावी या फुलवेलीच्या बिया पेरल्या तेव्हा मी अगदी खात्रीने सगळ्यांना सांगत सुटले होते की येत्या पावसाळ्यात फुलं बघायला या. हसू नका, बियांपासून फूल यायला तीन-चार वर्षं जातात हे मला तेव्हा कुठे माहीत होतं! लालभडक बिया, रात्रभर पाण्यात भिजवल्या, अर्धा इंच खोल टोचल्या आणि मग रोज सकाळी कुंडीत डोकावणं सुरू. दोन महिने झाले तरी काही नाही. माती बदलायच्या विचारात होते तेवढ्यात एक बारकं टोक दिसलं.

त्या वर्षी ते बोटभर वाढलं, तीन-चार पानं आली आणि पाऊस संपला तसं पिवळं पडून वाळून गेलं. मेलं, म्हणून उपटलं तर खाली शेंगदाण्याएवढा पांढरट कंद! गुपचूप परत पुरला. कळलावी पाऊस सरला की वरून नाहीशी होते, कंद जमिनीत झोपलेला असतो, हे तेव्हा डोक्यात शिरलं. या झोपेत पाणी घालायचं नसतं, पण माझ्या हाताला चैन पडेना आणि दोन रोपांचे कंद मी कुजवले.

मग धीर संपला आणि एका मैत्रिणीकडून दोन मोठे कंद आणले. तिने तिच्या बागेतलेच दिले, रानातून उपटून आणू नका प्लीज, औषधासाठी आधीच खूप उपसतात. हा कंद इंग्रजी V किंवा L सारखा वाकडा असतो आणि कोंब फक्त टोकाशी फुटतो. तो इतका ठिसूळ की पुरताना माझ्या अंगठ्याने एकाचं टोकच मोडलं, बाकीचा कंद चांगला धडधाकट होता पण त्याला शेवटपर्यंत काही फुटलं नाही. दुसरा मात्र पावसाच्या तोंडावर दोन-तीन इंच खोल आडवा ठेवला, मातीत भरपूर वाळू मिसळली, तो जोरात आला.

हिला आधार धरायला वेगळे ताणे नसतात, पानाचंच टोक लांब होऊन वळतं आणि मिळेल ते धरतं. मी हौसेने जाड बांबू रोवला तर त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही, शेजारची सुतळी पकडली! बारीक काडी किंवा दोरीच द्या.

फूल उमलतं तेव्हा खाली मान घातलेलं असतं आणि नागमोडी पाकळ्या उलट्या वर वळतात. सुरुवातीला हिरवट पिवळ्या, मग टोकाकडून लाल, शेवटी पूर्ण लाल. एकाच वेलीवर सगळ्या रंगांची फुलं दिसतात ती त्यामुळेच.

एक मात्र सीरियसली घ्या. अख्खी वेल विषारी आहे, कंद तर जास्तच, त्यात कोल्चिसिन नावाचं विष असतं. खायचा कंद समजून खाल्ल्याने माणसं दगावली आहेत. मी ग्लोव्हज घालूनच हात लावते, आणि घरात लहान मूल किंवा कुत्रं असेल तर हा नाद नकोच.

सध्या कुंडी पुन्हा रिकामी दिसतेय. मागच्या आठवड्यात घरच्यांनी त्यात मिरचीचं रोप लावायला खुरपं आणलंच होतं, नशीब मी तिथे होते. आता पाटी लावलीय: "आत कोणीतरी झोपलंय".