डावंच चाक का तापतं?

दसऱ्याच्या सुट्टीत कोल्हापूरहून रत्नागिरीला, सासुरवाडीला निघालो होतो. आंबा घाट उतरून साखरप्यात चहाला थांबलो. दार उघडल्या उघडल्या बायको म्हणाली, "काहीतरी जळतंय." मला आधी टपरीवरची कढई वाटली. पण तो वास तेलाचा नव्हता, तापलेल्या लोखंडाचा आणि करपलेल्या रबराचा मिळून असा घशात जाऊन बसणारा होता. गाडीला फेरी मारली. पुढच्या डाव्या चाकापाशी वाकलो तर तोंडावर धग आली. उजव्यापाशी नुसती ऊब. चहावाल्यानं आपुलकीनं पाण्याचा जग आणला, "ओता वर, थंड होईल." बायकोनं तो जग हातात घेतलाही होता. मी ओरडलो म्हणून बरं. चाकाबरोबर फिरणारी, ब्रेक जिला धरतो ती तबकडी म्हणजे डिस्क; एवढ्या तापलेल्या बिडाच्या डिस्कवर गार पाणी पडलं तर तिला चीर जायची.

घाट उतरला की ब्रेक तापतात, त्यात नवल नाही. पण मी दुसऱ्या गिअरवर उतरतो, ब्रेकवर पाय ठेवून बसत नाही. आणि तापायचेच तर दोन्ही तापले असते. एकटं डावंच का?

खरं तर हा प्रश्न मला सहा महिने आधी पडायला हवा होता.

झालं असं की गेल्या उन्हाळ्यात हायवेला ऐंशीच्या पुढं ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायला लागलं. एका गॅरेजमध्ये नेली. चाक न काढता, नुसती चक्कर मारून निदान झालं: "डिस्क वाकलीय." पुढच्या दोन्ही डिस्क आणि त्यांना दोन्ही बाजूंनी दाबणारे पॅड नवीन टाकले, साडेसात हजार गेले. बिलाच्या खाली हातानं लिहिलं होतं, 'ग्रीसिंग फ्री'. ते दोन शब्द लक्षात ठेवा. दोनेक हजार किलोमीटर गाडी लोण्यासारखी थांबली आणि मग थरथर परत आली. पुन्हा गेलो तर म्हणाले, अलाइनमेंट करून घ्या. केली. मग म्हणाले, टायर असतील. पुढचे टायर डावे-उजवे अदलाबदल करून पाहिले, हवा दोन्हीत सारखी भरली. फरक शून्य. शेवटी तिथलाच एक जण म्हणाला, "होज गेलाय नाहीतर मास्टर सिलिंडर. दोन्ही बदलू." होज म्हणजे चाकापर्यंत ब्रेक ऑइल नेणारी रबरी नळी, आणि मास्टर सिलिंडर म्हणजे पेडल दाबलं की ते ऑइल ढकलणारा पंप. हे 'दोन्ही बदलू' ऐकून मी गाडी घरी आणली.

आण्णा, म्हणजे माझे वडील, कोल्हापूरच्या उद्यमनगरात तीस वर्षं टर्नर होते, म्हणजे लेथवर काम करायचे. त्यांना सगळी हकीकत सांगितली. त्यांचा पहिला प्रश्न, "वाकली म्हणजे किती वाकली? मापलं कुणी?"

कुणीच मापलं नव्हतं. साडेसात हजार खर्चून झाले, पण एकाही माणसानं एकही माप घेतलं नव्हतं.

मग एका जुन्या वहीत गाडी काय काय करते ते मी लिहून काढलं. सपाट रस्त्यावर स्टिअरिंग ढिलं सोडलं की गाडी हळूहळू डावीकडं सरकते. जोरात ब्रेक दाबला की मात्र उजवीकडं ओढते. ॲव्हरेज अठरावरून सोळावर आलाय. डाव्या चाकाची रिम धुतल्यावर दोन दिवसांत काळी होते, उजवी तशी होत नाही. घरासमोरच्या उतारावर हँडब्रेक सोडला की पूर्वी आपोआप सरकणारी गाडी आता उभीच राहते. यातली डावीकडं-उजवीकडंची भानगड मला अजिबात कळेना. ब्रेक डाव्या बाजूला अडकला असेल तर ब्रेक मारल्यावर गाडी उजवीकडं का जावी?

तापमान मापायचं ठरवलं. घरात कोरोनाच्या वेळची कपाळाला लावायची बंदूक होती. ती डिस्कवर धरली तर तिनं बिचारीनं नुसतं 'हाय' दाखवलं. माणसाच्या तापापलीकडं तिची धावच नाही. शिरोलीच्या एका फाउंड्रीत मित्र आहे, त्याच्याकडून कारखान्यातली बंदूक आणली. पहाटे रिकाम्या हायवेवर आठ किलोमीटर गेलो, ब्रेक जवळजवळ न लावता, आणि गाडी आपसूक मंदावू देऊन थांबलो. उजवी डिस्क ६४ अंश. डावी १७१. ब्रेकला पाय न लावता १७१! मागचे दोन्ही ड्रम चाळिशीच्या आसपास. आता निदान एवढं पक्कं झालं की डाव्या ब्रेकची पकड सुटत नाही.

ती का सुटत नाही, याला मात्र तीन-चार उत्तरं होती. इथून पुढं मला मामा भेटला. मामा हा आमच्या गल्लीच्या तोंडाशी एकटाच काम करणारा मेकॅनिक, वयानं माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, तरी सगळे त्याला मामाच म्हणतात. वही दाखवली. त्यानं शांतपणे वाचली आणि म्हणाला, "दादा, एवढं लिवून आणल्यासा म्हणजे निम्मं काम झालंय की. उद्या सकाळी आणा, गार गाडी आणा."

गाडी जॅकवर घेतली, खाली स्टँड लावले, मागच्या चाकांना विटा. मामानं उजवं चाक हातानं फिरवलं, किंचित घासत दोन फेरे गेलं. डावं फिरवायला दोन्ही हात लागले आणि सोडल्या जागी थांबलं.

पुढचं जे त्यानं केलं ते मला सगळ्यात आवडलं, कारण त्याला पैसाही लागला नाही. ब्रेकच्या रबरी होजला कधीकधी आतून फुगवटा येतो. मग पायाच्या जोरानं ऑइल कॅलिपरकडं, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या चिमट्याकडं जातं, पण परत येत नाही. दाब अडकून राहतो आणि पॅड डिस्कला चिकटून बसतात. मास्टर सिलिंडरनं ऑइल परत घेतलं नाही तरी असंच होतं. हे खरं असेल तर कॅलिपरवरचं हवा काढायचं निपल उघडलं की अडकलेला दाब सुटेल आणि चाक मोकळं होईल. मामानं मला दोनदा ब्रेक दाबून सोडायला लावला, निपलला प्लॅस्टिकची नळी जोडून तिचं दुसरं टोक बाटलीत सोडलं आणि निपल अर्धा फेरा उघडलं. पिचकारी नाही, काही नाही. दोन थेंब आले. चाक होतं तसंच घट्ट. "होज गेला नाय आणि मास्टर सिलिंडर पण नाय," मामा म्हणाला. बदलायला निघालेले दोन्ही भाग अर्ध्या फेऱ्यात निर्दोष सुटले.

ते दोन थेंब मात्र कडक चहाच्या रंगाचे होते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ ऑइल नवं असताना २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की ते १५५ च्या आसपासही उकळू शकतं. उकळलं की त्यात वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली जातं. साखरप्याच्या अलीकडं शेवटच्या दोन वळणांवर पेडल स्पंजासारखं लागलं होतं, ते आठवून माझ्या पोटात गोळा आला. ऑइल कधी बदललं होतं, मला आठवेना. बहुतेक कधीच नाही.

मग कॅलिपर उतरवला. पॅड बाहेर आले आणि मामा "आता बघा" म्हणून ते माझ्या तळहातावर ठेवता झाला. आतला पॅड आठ मिलिमीटर, जवळपास सारखा झिजलेला. बाहेरचा वरच्या टोकाला सहा आणि खालच्या टोकाला जेमतेम साडेतीन, पाचरीसारखा तिरका. तोंड काचेसारखं चकचकीत. सहा महिन्यांपूर्वीचे पॅड हे.

आमच्यासारख्या छोट्या गाडीत पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आतला पॅड ढकलतो आणि त्या रेट्यानं अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पाय काढला की कॅलिपर त्याच पिनांवर केसभर मागं यायला हवा. पिन अडकली तर बाहेरचा पॅड डिस्कवरच टेकून राहतो. दोन्हीतली एकच अडकली तर पॅड तिरका झिजतो. मामानं आधी पिस्टन सी-क्लॅम्पनं मागं दाबून पाहिला. सरळ, एका चालीत गेला. (हे करताना वर ऑइलच्या डबीवर लक्ष ठेवावं लागतं, नाहीतर ती भरून वाहते आणि ते ऑइल गाडीचा रंग खातं.) मग वरची पिन दोन बोटांनी ओढली, ती सुळकन बाहेर आली. खालची येईना. पान्ह्यानं डावी-उजवी फिरवत, ओढत, पाच मिनिटं झटापट झाली तेव्हा कुठं 'फुस्स' करून निघाली.

त्या पिनेच्या टोकाला एक रबरी बुश असतं. उजवीकडचं बुश पाहिलं तर करंगळीच्या टोकाएवढं, घट्ट. डावीकडचं रात्रभर भिजलेल्या वाटाण्यासारखं फुगलेलं, नखानं दाबलं तर खड्डा पडत होता. भोवती तपकिरी ग्रीस. मामानं ते बोटावर घेऊन हुंगलं, माझ्याही नाकाशी धरलं. "बेअरिंगचं ग्रीस हाय हे. खनिज तेलाचं. हितं चालत नाय, रबर फुगतं त्यानं. हितं सिलिकॉनचं लागतंय."

'ग्रीसिंग फ्री'.

उजवीकडंही तेच ग्रीस होतं. तिथली पिन सरकत होती, पण जडच. डावीकडच्या पिनेचा रबरी बूट, म्हणजे पाणी-धूळ अडवणारं टोपण, शिवाय फाटलेला होता, त्यातून पावसाचं पाणी आणि चिखल गेला होता, म्हणून डावी आधी गेली. नवी डिस्क, नवे पॅड आणि नवं ग्रीस घालून आम्ही गाडी बिघडवून आणली होती तर.

डावीकडं-उजवीकडंचा गुंताही सुटला. गाडी मोकळी धावताना डावा पॅड घासतो म्हणून ती डावीकडं कलते. जोरात ब्रेक मारला की जाम कॅलिपर नीट सरकत नाही, शिवाय पॅडचं तोंड काचेसारखं झालेलं, म्हणून डावा ब्रेक उजव्यापेक्षा कमी धरतो. जास्त धरतो तो उजवा, आणि गाडी तिकडं जाते. मी वहीत बरोबर लिहिलं होतं, मला ते वाचता येत नव्हतं एवढंच.

राहिली थरथर. त्यासाठी आण्णांनी कपाटातून लाकडी पेटीतला आपला मायक्रोमीटर काढून दिला होता. डिस्कवर काठापासून सेंटिमीटरभर आत, खडूनं आठ खुणा केल्या. काठाला गंजाची कड असते, तिथं माप चुकतं. उजव्या डिस्कची आठही मापं १६.९३ आणि १६.९४ मिलिमीटर. डावीची १६.८८ पासून १६.९२ पर्यंत. चार शतांशांचा फरक. एवढा फरक डोळ्याला दिसत नाही, पण पॅडखालून जाड-पातळ जागा आळीपाळीनं गेल्या की स्टिअरिंगपर्यंत पोचतो. डिस्क पत्र्यासारखी वाकलेली नव्हती. घासून, तापून आणि पॅडचा मसाला ठिकठिकाणी चिकटून तिच्या जाडीत फरक पडला होता. डिस्क ज्यावर बसते तो हब साफ न करता ती बसवली तरी हेच होतं. डिस्क काढल्यावर हबवर गंजाचे पापुद्रे दिसले, म्हणजे तोही हातभार होताच.

डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, आमच्या डिस्कवर १५ मिलिमीटर. त्यामुळं नवी घ्यायची गरज नव्हती. उद्यमनगरात आण्णांच्या ओळखीच्या लेथवर दोन्ही डिस्कना हलका कट मारला, तीनशे रुपये. आण्णा तिथं उभे राहून त्या पोराला फीड कमी करायला सांगत होते, तो भाग मी गाळतो. पिना, बुश, बूट यांचे दोन संच, नवे पॅड, सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब, डॉट ४ ऑइल. मामाची मजुरी धरून साडेतीन हजारांच्या आत सगळं झालं. हब तारेच्या ब्रशनं लख्ख केला, चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमानं, टॉर्क पान्ह्यानं आवळले. जुनं ऑइल चारही चाकांतून काढलं, ते स्वच्छ पिवळसर येईपर्यंत.

सगळं जोडून मी गाडीत बसलो, चालू केली आणि रिव्हर्स टाकणार तेवढ्यात मामा बॉनेटवर थाप मारून ओरडला, "आधी ब्रेक दाबा!" दाबला तर पेडल सरळ तळाला गेलं. काळजात धस्स झालं. दाबून मागं नेलेले पिस्टन पुन्हा पॅडला भिडेपर्यंत पेडल असंच पोकळ लागतं. सात-आठ वेळा दाबल्यावर घट्ट झालं. मागं गटार होतं, म्हणून सांगतो.

नंतर मोकळ्या रस्त्यावर साठवरून वीसवर, मध्ये थोडं थंड होऊ देत, वीस-पंचवीस वेळा हलका ब्रेक लावला. पॅड डिस्कवर बसायला एवढं करावंच लागतं. मागून येणाऱ्यांनी शिव्या घातल्या असतील. घरी येऊन बंदूक धरली: डावी ८८, उजवी ८५.

दिवाळीत परत आंबा घाट उतरलो. साखरप्यात त्याच टपरीवर थांबलो. बायको उतरली, पुढच्या दोन्ही चाकांपाशी जाऊन वास घेतला, काही न बोलता बाकावर बसली आणि दोन चहा सांगितले.

मायक्रोमीटर अजून मामाकडंच आहे. आण्णा दर रविवारी विचारतात.