क्रॅक कधीचा?

जुन्या अलॉयचं, म्हणजे गाडीच्या अॅल्युमिनियमच्या चाकाचं, भांडण कुठूनही सुरू होऊ दे, अडतं एकाच जागी: क्रॅक कधीचा? विकणारा म्हणतो, माझ्याकडून रिम ठणठणीत गेली, तुम्हीच चाळकेवाडीच्या पठारावर दगडाला आपटलीत. घेणारा म्हणतो, गाडी डांबरावरून खाली उतरवलीच नाही. (चाकाच्या वरच्या पोकळीत लाल चिखल वाळलेला असतो, पण असो.)

साताऱ्यात हायवेला माझं टायर आणि बॅलन्सिंगचं दुकान आहे, त्यामुळे बोलावणं नसताना पंच व्हावं लागतं. परवा नव्या थारचा एक मालक आला, तरुण पोरगा. ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतंय म्हणाला. चार अलॉय पुण्यातून सेकंडहँड घेतलेले, वर ‘सात दिवस चेकिंग वॉरंटी’, तीही तोंडी. सहा नट, 139.7 पीसीडी (नटांच्या वर्तुळाचा व्यास, मिलिमीटरमध्ये), सगळं जुळतंय म्हणून खूश होता. नट जुळले म्हणजे काम झालं असं नसतं. मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर रिंग लागते, ऑफसेट, म्हणजे हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून किती सरकलेली, तो चुकला तर चाक आत घासतं नाहीतर बाहेर येतं. पण इथे दुखणं वेगळंच होतं.

तीन चाकं नीट निघाली. चौथ्याचा टायर उतरवून नुसती रिम मशीनवर चढवली. टायरसकट फिरवली की वाकडं फिरतंय ते टायर की रिम, यावर वाद घालायला मोकळीक राहते. आतल्या कडेला वीतभर पट्ट्यात काळा रंग जरा जाड वाटला. थिनरचं फडकं घासलं, तर खाली आर्गॉनचं वेल्डिंग, ग्राइंडर मारून सपाट केलेलं. त्याला लागूनच केसाएवढी तड्याची रेघ. साबणाचं पाणी सोडून हवा भरली असती तर तिथूनच बुडबुडे आले असते.

अलॉयची रिम ओतून झाल्यावर भट्टीत तापवून तिला ताकद आणलेली असते. वेल्डिंगच्या आचेनं शेजारच्या धातूची ती ताकद जाते. मग वेल्ड तसंच राहतं आणि बाजूला तडा जातो. लोखंडी रिम बिचारी वाकते, हातोड्यानं ठोकून घरी येता येतं. शिवाय ऑफरोडला हवा वीस पीएसआयच्या खाली उतरवतात, तेव्हा दगड आणि रिम यांच्यात टायर जवळजवळ नसल्यातच जमा. डोंगरात फिरणाऱ्यानं वेल्ड केलेला अलॉय वापरू नये, हे माझं मत आहे आणि त्यात मी कुणाची सूट ठेवत नाही.

विकणाऱ्याला फोन लावला, स्पीकरवर. “शेठ, जुन्या मालाला कसली वॉरंटी? आणि पोरानं आपटली नाही कशावरून?” मी म्हटलं, रेघ कालची असेल, धरून चालू. पण रंगाखालचं वेल्डिंगही कालचंच का? त्यावर बराच वेळ नुसता ट्रॅफिकचा आवाज.

कंपनीची वॉरंटी इथे कामाची नव्हतीच. मी वाचलेल्या कार्डांवर ती पहिल्या गिऱ्हाइकाच्या बिलापुरती असते, आणि धक्का, वेल्डिंग, ऑफरोड हे सगळं वगळलेलं. उरतो 1930 चा माल विक्री कायदा. त्याच्या कलम 16 प्रमाणे धंदेवाल्यानं दिलेला माल विकण्याजोगा असायला हवा. मात्र गिऱ्हाइकानं तपासून घेतला असेल, तर तपासताना दिसायला हवा होता तो दोष नंतर सांगता येत नाही. म्हणजे वाकलेली कड आणि ओरखडे पोराच्या पदरात, रंगाखाली झाकलेलं वेल्डिंग विकणाऱ्याच्या. दुकानदार असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, पाच लाखांपर्यंत फीसुद्धा नाही, मुदत दोन वर्षं. एखाद्या हौशी माणसानं स्वतःचा जुना सेट विकला असेल तर तो दरवाजा बंद. हा दुकानदार होता आणि बिल नसलं तरी पैसे यूपीआयनं गेलेले, चेकिंगचं बोलणं व्हॉट्सअॅपवरच्या व्हॉइस मेसेजमध्ये पडलेलं. हे ऐकल्यावर सूर बदलला. “एक पीस बदलून देतो शेठ.”

पोरगं लगेच हो म्हणायला निघालं, मी खूण करून थांबवलं. म्हटलं, बदली रिमचा फोटो आधी पाठवा, टायर न चढवता, आतल्या बाजूनं, लोडचा शिक्का (रिम किती वजन पेलते तो आकडा) दिसेल असा.

संध्याकाळी फोटो आला. पुढून काढलेला, पॉलिश मारून चकाचक. परत मागवलाय.