सर्व सोयींनी युक्त

फायबरची जोडणी घ्यायची म्हटल्यावर कितीचा प्लॅन घ्यावा यावर घरात चटकन एकमत होते. मतभेद सुरू होतात ते डब्यावरून. कंपनी जो पांढरा डबा देते तोच चालवून घ्यावा, की लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात एक चक्कर मारून मोडेम, राउटर, वायफाय, टेलिफोनचे पोर्ट आणि यूएसबी असे सारे काही एकाच पोटात असलेले यंत्र आपण निवडून आणावे? मुंबईकराचा ओढा साहजिकच या दुसऱ्या पर्यायाकडे असतो, कारण टीव्हीशेजारी जिथे फुलदाणीलाही जागा नाही तिथे एकाऐवजी दोन डबे कोण मांडणार?

ही अपेक्षा बहुधा तांब्याच्या तारेच्या काळातली आहे. २००५ मध्ये महानगर टेलिफोनचे ट्रायबँड मुंबईत आले तेव्हा घरातल्या टेलिफोनच्या तारेतूनच इंटरनेट येत असे, आणि त्या तारेला बाजारातला कोणताही बरा एडीएसएल मोडेम चालत असे. फायबरचे तसे नाही. जीपॉन नावाच्या पद्धतीत काचेचा एकच धागा स्प्लिटरपाशी, म्हणजे प्रकाश वाटून देणाऱ्या जोडापाशी, ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. कंपनीकडून येणारा प्रकाश सगळ्या घरांत सारखाच पोहोचतो आणि प्रत्येक डबा त्यातले आपले तेवढे उचलतो. परतीच्या वाटेवर मात्र प्रत्येक डब्याने नेमून दिलेल्या क्षणीच बोलायचे असते. एखादा डबा पाळी सोडून बोलू लागला तर त्या धाग्यावरच्या सगळ्या शेजाऱ्यांचे इंटरनेट बिघडते. म्हणूनच डब्याच्या अनुक्रमांकाची नोंद आधी कंपनीच्या यंत्रात असावी लागते, आणि नोंद नसलेला डबा कितीही महागाचा असला तरी त्याला तिथे कोणी ओळखत नाही. काही कंपन्या विनंती केल्यावर आपण आणलेल्या डब्याची नोंद करून देतात, पण ते पैसे मोजण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे हे बरे.

मुंबईत तर त्याही आधी विचारायचा प्रश्न आहे, तो म्हणजे घरात वायर कोणती येते. बऱ्याच जुन्या इमारतींत फायबर जिन्याखालच्या पेटीपर्यंतच येते आणि तिथून प्रत्येक घरात केबलवाल्याची साधी लॅन वायर जाते. अशा घराला मोडेमची गरजच नसते. तिथे फायबरचे पोर्ट असलेला डबा आणणे म्हणजे निव्वळ पैसे वाया घालवणे.

माझे मत असे की, फायबरचा डबा हा घराचा भाग नसून कंपनीच्या लाइनचे शेवटचे टोक आहे असे समजावे, त्याला ब्रिज मोडमध्ये टाकायला सांगावे, म्हणजे तो राउटरचे काम सोडून इंटरनेट नुसते पुढे पोहोचवतो, आणि सर्व सोयींचा हट्ट त्याच्यापुढे जोडायच्या राउटरपाशी धरावा. टेलिफोनचे पोर्ट आपोआप कंपनीच्याच डब्यावर राहते, कारण त्याची सेटिंग्ज तीच भरते. यूएसबीचा उपयोग फार थोड्या घरांत होतो, तेव्हा त्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नयेत.

राउटरच्या खोक्यावरचे आकडे वाचताना मात्र आपला फ्लॅट घेतानाचा अनुभव कामी येतो. ‘एसी १२००’ हा सुपर बिल्टअप, म्हणजे प्रत्यक्षात वापरायला मिळते त्याहून फुगवलेला, आकडा आहे. त्यात २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ मेगाबिट एकत्र मोजून वर गोळाबेरीज केलेली असते. एका फोनला दोन्हींची बेरीज कधीच मिळत नाही, आणि जे मिळते तेही भिंतींची आणि शेजाऱ्यांची वजावट झाल्यावर. कार्पेट एरिया सांगणे २०१६ च्या रेरा कायद्याने बिल्डरांना भाग पाडले, राउटरवाल्यांना अजून कोणी पाडलेले नाही. याहून लबाड गोष्ट खोक्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असते. कित्येक स्वस्त ‘१२००’ राउटरांची वायरची पोर्ट जेमतेम १०० मेगाबिटची असतात, त्यामुळे २०० चा प्लॅन घेणाऱ्याचे निम्मे पैसे त्या पोर्टाच्या तोंडाशीच अडकतात. दुकानदाराला ‘काका, पोर्ट गिगाबिट आहेत ना?’ एवढे जरी विचारले, तरी तो गिऱ्हाइकाकडे जरा नीट बघतो आणि वरच्या फळीवरचे खोके काढतो.

२.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि आमच्या मजल्यावरून फोनमध्ये दिसणाऱ्या वायफायच्या नावांची यादी मात्र बोटाने सरकवत राहावी लागते. त्यामुळे इथे ५ गिगाहर्ट्झ ही चैन नव्हे. गर्दीत अनेक उपकरणांना एकाच वेळी वाट काढून देण्यासाठी वायफाय ६ या नव्या पिढीचाही उपयोग होतो; वायफाय ७ साठी आधी घरातले फोन बदलावे लागतील, तेव्हा त्याची घाई नको. मात्र ५ गिगाहर्ट्झला भिंती सोसत नाहीत. आरसीसीचा बीम, बाथरूमच्या टाइल्स आणि बेडरूमच्या दाराआडचे लोखंडी कपाट एवढे आडवे आले की साडेचारशे चौरस फुटांच्या घरातही पलीकडच्या पलंगावर चाक फिरत राहते.

आमच्याकडे जोडणीला आलेल्या मुलाने फायबरची वायर नेहमीप्रमाणे सरकत्या खिडकीच्या कोपऱ्यातून आत घेतली होती. मीटरने प्रकाश मोजला तर उणे २६ डीबीएम (हे प्रकाशाच्या जोराचे माप, शून्याच्या जितके जवळ तितका जोर जास्त), म्हणजे चालण्या-न चालण्याच्या काठावर. ‘साहेब, खिडकी जरा उघडा,’ तो म्हणाला, आणि तावदान दोन बोटे सरकताच आकडा उणे २० वर आला. वाकलेल्या काचेतून प्रकाश बाहेर निसटतो, हे इतक्या सोप्या रीतीने मला कोणी दाखवले नव्हते. मग त्याने चौकटीला भोक पाडून वायर त्यातून ओवली आणि उरलेल्या वायरीचे ताटलीएवढे वेटोळे करून पट्टीने बांधले.

कंपनीचा डबा राहिला खिडकीपाशी आणि राउटर गेला पॅसेजमध्ये माळ्याखाली, जिथून दोन्ही खोल्यांची दारे समोर दिसतात. मधल्या लॅन वायरीसाठी भिंतीवर केसिंग पट्टी मारावी लागली. राउटर ज्या दिवशी आला त्याच दिवशी पसंत पडला. ती पट्टी पांढरी असावी की भिंतीसारखी मोतिया, यावर मात्र घरात अजून चर्चा चालू आहे.